ताणून परत येणारं कापड

टाइट्स म्हणजे कमरेपासून घोट्यापर्यंत पायाला लागून बसणारी, ताणल्या जाणाऱ्या कापडाची विजार. पुरुष ती पळताना, जिममध्ये, सायकलवर किंवा थंडीत पँटच्या आत घालतात. दुकानात तिला कोणी ‘कॉम्प्रेशन’ म्हणतं, कोणी ‘इनर’, कोणी ‘स्कीन फिट’. नावं वेगळी असली तरी चांगल्यावाईटाची कसोटी एकच. घट्ट तर कुठलंही तोकडं कापड बसतं. ताण सुटल्यावर ते मूळ मापाला परत येतं का, हे महत्त्वाचं.

पुरुषांनी घट्ट विजार घालणं मुळीच नवं नाही. युरोपात पंधराव्या शतकात दोन पायांचे लांब मोजे वर जोडून पुरुषांची ‘होज’ तयार झाली आणि होजिअरी हा शब्द त्याच कुळातला. 1589 मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम परगण्यातल्या विल्यम ली या पाद्र्याने मोजे विणायचं यंत्र काढलं. भारतातल्या शिंप्यांनी हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला होता. चुडीदारचं कापड मागावरचं, म्हणजे न ताणणारं; पण ते तिरपं बेतलं की थोडं सैल देतं आणि पोटरीला बसतं. जास्तीची लांबी घोट्याशी बांगड्यांसारखी गोळा होते. हे कसब आजच्या टाइट्समध्ये लागत नाही, कारण ताण आता धाग्यातच असतो. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत 1935 मध्ये वॉलेस कॅरदर्सच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झालं आणि 1958 मध्ये त्याच कंपनीच्या जोसेफ शिव्हर्सने इलास्टेन बनवलं. हा धागा मूळ लांबीच्या पाचपट ताणला जातो आणि सोडला की परत येतो. त्याचं एका कंपनीचं व्यापारी नाव लायक्रा. झेरॉक्ससारखं तेही आता जातिवाचक झालं आहे. बाजारात ‘लायक्रा’ म्हणून मिळणाऱ्या प्रत्येक कापडातला धागा त्या कंपनीचा असतोच असं नाही.

निवडीची सुरुवात आतल्या बाजूला शिवलेल्या चिठ्ठीपासून करावी. खेळासाठीच्या टाइट्समध्ये साधारण 75 ते 85 टक्के नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि 15 ते 25 टक्के इलास्टेन असतं. इलास्टेन पाच-सात टक्केच असेल, तर काही महिन्यांत गुडघ्यावर पिशव्या येण्याची शक्यता जास्त. 95 टक्के सुती आणि 5 टक्के लायक्रा हे मिश्रण हाताला सर्वांत मऊ लागतं, म्हणून ग्राहक तिथेच फसतो. कोरड्या दिसणाऱ्या सुतातही हवेतला ओलावा वजनाच्या सुमारे 8 टक्के असतो. नायलॉनमध्ये 4 टक्के, तर पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्काही नाही. घामाचंही तसंच होतं. सुती टाइट्स तो पिऊन घेते, जड होते, कमरेवरून घसरते आणि ओली मांडी मांडीला घासू लागते. घरात बसायला किंवा प्रवासात ती छान. दहा किलोमीटर पळायला नाही. नायलॉन मऊ आणि घासटीला टिकाऊ, पॉलिस्टर स्वस्त आणि लवकर वाळणारं. पॉलिस्टरची खोड म्हणजे ते पाणी धरत नसलं तरी तेल धरतं. अंगाचं तेल त्यात मुरतं आणि धुतल्यावरही वास राहतो.

पुढचा प्रश्न जाडीचा. पारदर्शक मोज्यांची जाडी डेनिअरमध्ये सांगतात, म्हणजे 9000 मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम. खेळाच्या टाइट्ससाठी जीएसएम हे माप उपयोगी, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन. 180 च्या खालचं कापड वाकल्यावर आरपार दिसण्याची भीती असते, 200 ते 250 पळण्याला ठीक, 280 च्या वरचं हिवाळ्यासाठी. आकडा छापलेला नसला तरी विणीवरून बरंच कळतं. इंटरलॉक वीण दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते आणि तिची कापलेली कड सपाट राहते. साध्या एकेरी जर्सीची कड गुंडाळली जाते. ‘फोर-वे’ म्हणजे आडवं आणि उभं दोन्हीकडे ताणणारं कापड. पाय गुडघ्यात दुमडताना कापड उभंही ताणलं जायला हवं, नाहीतर प्रत्येक पावलाला कंबर खाली ओढली जाते.

सगळ्यात जास्त फसवणूक मात्र बेतण्यात होते. बाईची लेगिंग काळ्या रंगात, कंबर थोडी वाढवून ‘मेन्स’ म्हणून विकली जाते आणि पाकिटावरच्या फोटोत ते कळत नाही. पुरुषांच्या टाइट्सचं आसन वेगळं लागतं. पुढच्या बाजूला सपाट तुकडा चालत नाही. दोन बाकदार तुकडे जोडून किंवा चुणी घेऊन तिथे जागा करावी लागते. मांड्यांच्या मधे स्वतंत्र कळी हवी. ती नसेल तर पुढची, मागची आणि दोन पायांची अशा चार शिवणी एकाच बिंदूत येतात, तिथे गाठीसारखा जाडपणा होतो आणि नेमकी तीच जागा सगळ्यात जास्त घासते. उकिडवं बसल्यावर पहिली उसवते तीही तिथेच. म्हणून टाइट्स उलटी करून आसनाशी बोट फिरवावं. बोटाला उंचवटा लागला, तर तो मांडीलाही लागणारच. चांगल्या मालात शिवण फ्लॅटलॉक असते: दोन कडा एकमेकींवर न दुमडता शेजारी ठेवून वरून-खालून धाग्यांच्या जाळीने सांधलेल्या. शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहावी. टाके कडकडले किंवा फटीतून उजेड दिसला, तर ती टिकत नाही.

कमरेची पट्टी रुंद हवी, मागे पुढच्यापेक्षा थोडी उंच आणि आत खरी नाडी असलेली. बऱ्याच टाइट्समध्ये नाडी फक्त शोभेला, पुढे चार बोटं शिवलेली असते. समोरची चीर पळण्याच्या टाइट्समध्ये सहसा नसते. थंडीच्या इनरमध्ये असावी. तीन थर घातलेल्या माणसालाच तिचं मोल कळतं.

‘कॉम्प्रेशन’ या शब्दाकडे जरा संशयाने पाहिलेलं बरं. शिरांच्या आजारासाठी डॉक्टर जे मोजे देतात त्यांचा दाब रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, तो घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर कमी होत जातो. खेळाच्या बहुतेक टाइट्सवर असा आकडाच नसतो. त्या घातल्याने वेग वाढतो याला भक्कम पुरावा नाही. व्यायामानंतरचं अंगदुखणं थोडं कमी जाणवतं, असं काही अभ्यासांत आढळलं आहे. उलट फार घट्ट पट्ट्याने जांघेपाशी नस दबून मांडीची बाहेरची बाजू बधिर होऊ शकते. मुंग्या आल्या तर माप चुकलं, असं समजावं.

टाइट्स कुठे घालायची हे हवा ठरवते. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, पहाटे सुरू होत असली तरी ऊन चढल्यावर आर्द्रता जाणवतेच. तिथे मांडीपर्यंतची हाफ टाइट्स पुरते आणि तिचं खरं काम मांड्या लागू न देणं एवढंच. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसारख्या घाटातल्या शर्यतीतही हाच हिशेब. कोकणपट्टीच्या दमट हवेत दिवसभर कृत्रिम धाग्याची घट्ट विजार घालून वावरणं म्हणजे नायट्याला आमंत्रण. ज्यांना जांघेत तो एकदा झाला आहे, त्यांना त्वचारोगतज्ज्ञ सैल सुती कपडे सुचवतात आणि ते ऐकावं. व्यायाम झाला की टाइट्स लगेच बदलावी. सह्याद्रीत करवंदीच्या जाळीतून जायचं असेल, तर विणीचा एक फास काट्यात अडकला की धागा बाहेर येतो, म्हणून वरून मागावरच्या कापडाची पँट घालणं शहाणपणाचं. हिमालयाच्या ट्रेकला किंवा परदेशातल्या बर्फाळ गावी मेरिनो लोकरीचा आतला थर उत्तम: ओला झाला तरी ऊब देतो आणि चार दिवस न धुता वास मारत नाही. तो महाग असतो आणि कसरीला आवडतो. सायकलसाठी बैठकीला गादी शिवलेली टाइट्स वेगळीच मिळते. तिच्या आत चड्डी घालायची नसते, कारण चड्डीची शिवण गादीचं सगळं काम वाया घालवते.

मापात पुरुष नेहमीच्या पँटची कंबर सांगून मोकळे होतात. टाइट्सला ते पुरत नाही. कंबर, मांडीचा सर्वांत जाड भाग आणि जांघेपासून घोट्यापर्यंतची लांबी अशी तीन मापं टेपने घेऊन कंपनीच्या तक्त्याशी ताडावीत, कारण एकाचा ‘एल’ दुसऱ्याचा ‘एम’ असू शकतो. सायकलपटू आणि पैलवान यांच्या मांड्या कमरेच्या मानाने भरलेल्या असतात. त्यांनी मांडीचं माप प्रमाण मानावं आणि कंबर नाडीने आवळावी. दोन मापांच्या मधे अडकलेल्याने रोजच्या वापराला मोठं घ्यावं.

दुकानातली तपासणी पाच मिनिटांची. मांडीच्या जागी कापड दोन्ही हातांत धरून आडवं ताणावं आणि ट्यूबलाइटसमोर धरावं. काळा रंग एकसारखा करडा होत गेला तर ठीक. मधेच पांढुरके पट्टे दिसले, तर वीण विरळ आहे. दहा आकडे मोजून सोडावं. कापड लगेच सपाट झालं पाहिजे; बोटांच्या जागी लाट राहिली, तर तीच लाट महिन्याभरात गुडघ्यावर दिसेल. मग चेंजिंग रूममध्ये घालून पूर्ण उकिडवं बसावं, उठावं, एक गुडघा छातीशी आणावा. पट्टी मागून घसरली किंवा आसन खाली लोंबलं, की ती परत ठेवून द्यावी. ऑनलाइन घेताना हे जमत नाही, म्हणून परतीच्या अटी आधी वाचाव्यात; आतल्या कपड्यांच्या सदरात टाकलेला माल अनेकदा परत घेतला जात नाही.

विणीच्या कपड्यांचं तिरुप्पूर, लोकरी आणि थर्मल मालाचं लुधियाना आणि कृत्रिम धाग्याचं सुरत ही देशातली मोठी केंद्रं. निर्यातीतून उरलेला माल मुंबईच्या फॅशन स्ट्रीटसारख्या ठिकाणी स्वस्तात मिळतो, मात्र चिठ्ठी बहुतेकदा कापलेली असते. तिथे हाताची परीक्षाच खरी. किंमत पाहताना कराची पायरीही लक्षात ठेवावी: 22 सप्टेंबर 2025 पासून नगाला 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यावर गेलं की 18 टक्के. नामवंत छापासाठी दुप्पट पैसे देण्यापेक्षा तेवढ्यात चांगल्या शिवणीच्या दोन घ्याव्यात. आलटून पालटून वापरल्या की दोन्ही जास्त टिकतात.

इलास्टेनचे शत्रू तीन: उष्णता, क्लोरीन आणि घासणी. टाइट्स उलटी करून थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवावी. गरम पाणी, ब्लीच, ब्रश आणि धोपाटणं वर्ज्य. फॅब्रिक कंडिशनरचा थर धाग्यांवर बसून घाम पसरू देत नाही. इस्त्रीची गरज नसते. पिळून, दोरीवर उन्हात टांगून ठेवण्यापेक्षा सावलीत पसरावी. एवढं करूनही रोजच्या वापरात धागा एक दिवस दमतोच. धुतल्यावरही गुडघे फुगलेले राहिले किंवा पळताना कंबर सारखी वर ओढावी लागली, तर समजावं की काम संपलं. नायलॉनची असेल तर गुडघ्यावर कापून थंडीत झोपायला चालते. पॉलिस्टरची तेल धरायची खोड सायकलची साखळी पुसताना कामी येते.