लग्नाच्या फोटोतला निर्णायक विधी

लग्नाचे छायाचित्रण म्हणजे हार घालतानाचे आणि अक्षता पडतानाचे फोटो, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात छायाचित्रकाराने आधी निर्णायक विधी (ज्याने त्या परंपरेत विवाह पूर्ण होतो तो) ओळखायचा असतो. नव्या घराचे पेढे कधीही वाटले जातात. घर नावावर होते ते दस्त नोंदवल्यावर. लग्नाचेही तसेच आहे.

महाराष्ट्रातल्या हिंदू लग्नात मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर झाला की पाहुणे पंगतीकडे वळतात आणि पुष्कळदा कॅमेराही. सप्तपदी त्यानंतर होते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ नुसार, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. अल्बममध्ये नेमके तेच पाऊल नसणे ही मोठी उणीव आहे. पावले दिसावीत म्हणून कॅमेरा जमिनीलगत धरावा.

निकाहमध्ये फेरे शोधू नयेत. तिथे ईजाब-कबूल (साक्षीदारांसमोर प्रस्ताव आणि स्वीकार) महत्त्वाचा. वधू अनेकदा वेगळ्या दालनात असते. म्हणून दोन छायाचित्रकार हवेत, तिच्याकडे शक्यतो स्त्री छायाचित्रकार असावी, आणि परवानगी आधीच घ्यावी.

शिखांच्या आनंद कारजमध्ये चार लावां (गुरू ग्रंथसाहिबाभोवतीच्या फेऱ्या) टिपायच्या. छायाचित्रकारानेही डोके झाकावे, पादत्राणे बाहेर ठेवावीत. चर्चमध्ये वधूवर वचने देतात तेव्हा फ्लॅश चालेल का, कुठे उभे राहायचे, हे धर्मगुरूंना आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.