दांड्या भरलेल्या, तरी नेट नाही

जिंतूर तालुक्यात येलदरीकडच्या शिवारात ई-पीक पाहणीचा फोटो जाईना, की लोक ॲपला किंवा रिचार्जला दोष देतात. आधी दांड्यांशेजारचं अक्षर बघा. तिथे 'ई' दिसलं तर फोन टूजीवर उतरलाय. बोलणं होईल, फोटो जाणार नाही. फ्लाइट मोड दहा सेकंद चालू ठेवून बंद करा, फोन नव्याने टॉवर शोधतो. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं.

फोरजी असूनही नुसतं चक्र फिरतंय? मग रोजचा डेटा संपला असेल. बऱ्याच पॅकमध्ये त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि रात्री बारानंतर पूर्ववत होतो. दोन सिम असतील तर डेटा कुठल्या सिमवर आहे तेही पाहा. सिम नवं असेल तर सेटिंगमध्ये एपीएन 'डिफॉल्ट' करा. कंपनीकडूनच डेटा बंद असेल, तर इंग्रजीत 'स्टार्ट' लिहून १९२५ वर एसएमएस पाठवा. हा नंबर खरंच लक्षात ठेवण्यासारखा आहे.

फोन फॅक्टरी रिसेट करायची घाई मात्र कृपा करून करू नका. टॉवर लांब असेल तर त्याने काहीच सुधारत नाही, आणि साठवलेले फोटो कायमचे जातात.