जुन्या बेसबॉल कार्डांचे मूल्यनिर्धारण

जुन्या बेसबॉल कार्डांचे मूल्यनिर्धारण म्हणजे एखाद्या संग्रहातील कार्डांना चालू बाजारात प्रत्यक्ष किती किंमत येऊ शकेल, हे ठरविण्याची प्रक्रिया होय. बेसबॉल कार्डाच्या एका बाजूस खेळाडूचे चित्र आणि दुसऱ्या बाजूस त्याच्या कामगिरीचे आकडे किंवा उत्पादकाची जाहिरात छापलेली असते. अमेरिकेत वारशाने आलेल्या किंवा घराच्या माळ्यावर सापडलेल्या संग्रहांच्या बाबतीत हा प्रश्न नेहमी उद्भवतो. कार्ड जितके जुने तितके मोलाचे, असा सर्वसाधारण समज आहे, परंतु तो अपुरा आहे. किती प्रती शिल्लक आहेत, त्या कोणत्या स्थितीत आहेत आणि त्या खेळाडूला संग्राहकांमध्ये किती मागणी आहे, या तीन गोष्टींवर किंमत अवलंबून असते. नुसते वय यांपैकी एकाचीही हमी देत नाही.

कार्डाची ओळख

पहिले काम कार्ड कोणत्या वर्षाचे व कोणत्या मालिकेतील आहे हे निश्चित करण्याचे असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही कार्डे सिगारेटच्या पाकिटांत घातली जात. पुढे ती गोळ्या-मिठाईबरोबर आणि १९३० च्या दशकात च्युइंगमबरोबर येऊ लागली. गाउडी कंपनीची १९३३ सालची मालिका या टप्प्यातील विशेष प्रसिद्ध मालिका आहे. जेफरसन बर्डिक या संग्राहकाने अशा मालिकांची सूची तयार करून त्यांना अक्षर व क्रमांक दिले. तंबाखूच्या कार्डांसाठीचे ‘टी’ हे अक्षर त्याच सूचीतील असून ‘टी२०६’ (१९०९–११) हे नाव त्यावरूनच रूढ झाले. बर्डिक यांचा संग्रह न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टमध्ये आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कार्डांवर बहुधा मागील बाजूस क्रमांक असतो. वर्ष छापलेले नसेल तर आकडेवारीची शेवटची ओळ पाहावी. ती १९८६ च्या हंगामाची असेल तर कार्ड सामान्यतः १९८७ चे असते. टी२०६ मध्ये मागील बाजू अधिकच महत्त्वाची ठरते. पुढचे चित्र एकच असले तरी मागे निरनिराळ्या सिगारेटच्या जाहिराती आढळतात. त्यांपैकी पीडमाँट व स्वीट कॅपोरल या सर्रास मिळतात, तर काही इतक्या दुर्मीळ आहेत की त्यामुळे सामान्य खेळाडूच्या कार्डाचीही किंमत अनेक पटींनी वाढते.

ओळख पटविताना पुनर्मुद्रणांपासून सावध राहावे लागते. टॉप्स कंपनीने १९५२ ची आपली गाजलेली मालिका १९८३ मध्ये पुन्हा छापली. मूळ कार्डे साधारण २⅝ × ३¾ इंचांची, तर पुनर्मुद्रित कार्डे २½ × ३½ इंचांची आहेत. त्यामुळे येथे साधी मोजपट्टीही निर्णायक ठरते.

दुर्मीळता आणि मागणी

होनस वॅग्नर या खेळाडूचे टी२०६ कार्ड दुर्मीळतेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याच्या हरकतीमुळे कार्डाची छपाई लवकर थांबली. हरकत तंबाखूच्या प्रचाराला होती की मोबदल्यावरून होती, याविषयी मतभेद आहेत. आज या कार्डाच्या जेमतेम ५०–६० प्रती ज्ञात आहेत. त्यांपैकी एक २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरांना विकली गेली. याच कार्डाच्या फाटून निम्म्या उरलेल्या एका तुकड्यालाही २०२१ मध्ये पावणेपाच लाख डॉलरांच्या आसपास किंमत आली.

मिकी मँटलचे १९५२ चे टॉप्स कार्ड (क्र. ३११) मात्र निराळी गोष्ट सांगते. ते मँटलचे पहिले कार्ड नाही. १९५१ चे बोमन कंपनीचे कार्ड त्याच्या आधीचे आहे. शिवाय छपाईच्या तावावर ते दोनदा येत असल्याने आपल्या गटातील बहुतेक कार्डांच्या दुपटीने छापले गेले. तरीही त्याची एक प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरांना गेली. त्या गटाची कार्डे हंगामाच्या अखेरीस बाजारात आल्याने खपली नाहीत. उरलेला साठा १९६० मध्ये अटलांटिक महासागरात बुडविल्याचे टॉप्सचे अधिकारी साय बर्गर यांनी पुढे सांगितले. मात्र या किमतीमागे खरा जोर आहे तो मँटलच्या लोकप्रियतेचा.

अतिउत्पादनाचा काळ

सापडणाऱ्या संग्रहांपैकी बरेच १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील व १९९० च्या दशकाच्या आरंभीचे असतात, आणि निराशाही येथेच पदरी पडते. १९८१ पासून फ्लीअर व डॉनरस या कंपन्या टॉप्सच्या स्पर्धेत उतरल्या आणि १९८९ मध्ये अपर डेक आली. जुन्या कार्डांचे भाव वाढल्याच्या बातम्या वाचून लोकांनी नव्या कार्डांचे खोकेच्या खोके गुंतवणूक म्हणून साठवले, आणि कंपन्यांनीही मागेल तितकी छपाई केली. आजी-आजोबांच्या पिढीची कार्डे मुलांनी खेळून फाडली, आयांनी रद्दीत टाकली, म्हणून ती दुर्मीळ झाली. या काळातील कार्डे मात्र सर्वांनीच जपून ठेवली. परिणामी अनेक पूर्ण संचांना आजही मूळ विक्रीकिमतीइतकेच किंवा त्याहून कमी पैसे येतात. मुलाच्या महाविद्यालयीन शिक्षणाची तरतूद म्हणून ठेवलेल्या पेट्यांची ही अवस्था पाहून मालकाला आपली फसवणूक होत असल्याचा संशय येतो, परंतु सामान्यतः व्यापारी खरे बोलत असतो.

अपवाद आहेत. केन ग्रिफी ज्युनियरचे १९८९ चे अपर डेक कार्ड (क्र. १) आणि फ्रँक थॉमसचे पुढील बाजूस नाव छापायचे राहून गेलेले १९९० चे टॉप्स कार्ड ही त्यांपैकी दोन होत. पहिल्याच्या प्रती मुबलक असल्याने त्याला चांगला भाव येतो तो केवळ निर्दोष प्रतीला.

स्थिती व प्रतवारी

कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र चौकटीच्या मध्यभागी आहे की नाही, या बाबी भिंगातून तपासल्या जातात. दुमड, डिंकाचे डाग, पेनाच्या खुणा व रबरबँडमुळे पडलेल्या खाचा किंमत झपाट्याने उतरवितात. १९९१ मध्ये सुरू झालेली पीएसए, तसेच एसजीसी व बेकेट या संस्था शुल्क घेऊन कार्डाचा अस्सलपणा तपासतात, १ ते १० अशी प्रत ठरवितात आणि कार्ड प्लॅस्टिकच्या कडक आवरणात बंद करून देतात. शुल्क व टपालखर्च कार्डाच्या किमतीहून जास्त होत असेल तर प्रतवारी करून घेण्यात अर्थ नाही.

विक्रीपूर्वी कार्ड पुसणे, दाबून सपाट करणे वा त्याच्या कडा कातरणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. कातरलेल्या कार्डाला अंकांची प्रत बहुधा नाकारली जाते. प्रतवारीही अचूक असतेच असे नाही. वॅग्नरच्या ज्या प्रतीला पीएसएने ८ ही प्रत दिली होती आणि जी २००७ मध्ये २८ लाख डॉलरांना विकली गेली, तिच्या कडा आपणच कातरल्याची कबुली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये फसवणुकीच्या खटल्यात दिली.

किंमत शोधणे

छापील दरपुस्तिकांचा जमाना १९७० च्या दशकाच्या अखेरीस जेम्स बेकेट यांच्या प्रकाशनांनी सुरू केला. आज त्यांचा उपयोग मुख्यतः मालिका ओळखण्यापुरता उरला आहे. ईबेवर विक्रेत्याने मागितलेल्या रकमेला पुरावा म्हणून काही मोल नाही. पूर्ण झालेल्या व्यवहारांचे आकडेच ग्राह्य धरावेत. तेही त्याच प्रतीच्या कार्डाचे, अलीकडचे आणि शक्यतो एकाहून अधिक असावेत. व्यापाऱ्याला नफा काढायचा असल्याने तो या रकमेहून बराच कमी भाव देतो. लिलावगृहे कमिशन कापून घेतात. अमेरिकेत संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत संघीय कर लागू शकतो. वारसांच्या बाबतीत सामान्यतः मालकाच्या मृत्यूच्या दिवशीचे बाजारमूल्य आधारभूत धरले जात असल्याने त्या वेळचे लेखी मूल्यांकन उपयोगी पडते.

एखाद्या कार्डाच्या अनेक उत्तम प्रती अचानक बाजारात आल्या तर भाव पडतो, याचेही भान ठेवावे लागते. ओहायो राज्यातील डिफायन्स येथे २०१२ मध्ये एका घराच्या माळ्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात १९१० च्या सुमाराची ‘ई९८’ मालिकेतील सुमारे ७०० कार्डे सापडली. वॅग्नर, टाय कॉब व साय यंग यांची ही कार्डे जणू हात न लागल्यासारखी कोरी होती. वारस असलेल्या भावंडांनी ती आपसांत वाटून घेतली, परंतु भाव कोसळू नये म्हणून एकदम विकली नाहीत. त्याच वर्षी बाल्टिमोर येथील पहिल्या लिलावात त्यांपैकी फक्त ३७ कार्डे ठेवण्यात आली व त्यांना ५ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली.