परवानगी आणि हक्क : सत्तेच्या शब्दांची ओळख

सत्तेची भाषा बहुधा परक्याची असते. आपल्या खानदेशाचा अनुभव पाहा. शेतकरी कचेरीत जातो, 'अर्ज' देतो, 'दाखला' मागतो, 'हुकूम' होण्याची वाट पाहतो आणि 'परवाना' घेऊन घरी येतो. हे सारे शब्द फारसी-अरबीतून आलेले. शिवाजीमहाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून त्यांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी हे शब्द लोकांच्या जिभेवरून हलले नाहीत. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला आणि नोटीस, समन्स, वॉरंट, लायसन, स्टे ही नवी मंडळी कचेरीत येऊन बसली. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्याने भाषा संचालनालय स्थापिले, १९६४ चा राजभाषा अधिनियम केला, आणि अधिसूचना, अध्यादेश, अनुज्ञप्ती असा तिसरा थर चढला.

याच असोद्यात १८८० साली बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण १९५२ साली त्यांची गाणी छापून निघाली, तेव्हा शब्दाची केवढी पारख या बाईला होती हे महाराष्ट्राने पाहिले. तात्पर्य, आपल्या माणसांना शब्द कळत नाहीत असे मुळीच नाही. कचेरीच्या शब्दांचा अर्थ त्यांना कोणी उलगडून सांगत नाही, एवढेच.

हे दुखणे आपल्याच वाट्याला आले असेही समजू नये. १०६६ साली नॉर्मन राजाने इंग्लंड जिंकले, तेव्हापासून तेथील न्यायालयांत फ्रेंच बोलली जाऊ लागली आणि दप्तर लॅटिनमध्ये राहिले. १३६२ साली कायदा झाला, की वादी-प्रतिवादींचे बोलणे इंग्रजीत चालावे, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. गंमत अशी, की तो कायदाच मुळी फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! लॅटिन दप्तर तर १७३३ पर्यंत टिकले. म्हणूनच इंग्रजीतले अधिकाराचे बहुतेक शब्द फ्रेंच-लॅटिन कुळातले आहेत.

त्यांपैकी 'लायसन' हा शब्द घेऊ. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ मोकळीक असणे. एरवी जे करता आले नसते, ते करण्याची दुसऱ्याने दिलेली मोकळीक म्हणजे लायसन. ज्याने ती दिली, तो साधारणतः ती काढूनही घेऊ शकतो. 'राइट' म्हणजे हक्क मात्र कोणाच्या मर्जीवर उभा नसतो. हा भेद पुस्तकी वाटेल. पण शेतरस्त्याच्या भांडणात सारा निकाल याच भेदावर लागतो.

समजा, तुमच्या केळीच्या बागेतला माल शेजाऱ्याच्या शेतातून बाहेर काढावा लागतो. १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे, अशी वाट वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापरली असेल, तर तिला हक्काचे रूप येते. यात 'हक्क म्हणून' हे शब्द कळीचे आहेत. तीस वर्षे जाऊनही 'शेजारीबुवांच्या परवानगीने जात होतो' असे तुम्ही लिहून दिले, तर या कलमाचा आधार निसटतो. कारण परवानगीने चाललेली वाट हक्काने चाललेली धरली जात नाही. नम्रतेपोटी लिहिलेला एक शब्द अशी वाट बंद करू शकतो. आणि वाट अडवली गेलीच, तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो. तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो.

'सँक्शन' हा शब्द तर दोन तोंडांचा आहे. बँकेत कर्ज सँक्शन झाले, की घरात पेढे वाटतात; एका राष्ट्राने दुसऱ्यावर सँक्शन लावले, की त्याचा व्यापार बंद पडतो. मराठीने येथे 'मंजुरी' आणि 'निर्बंध' असे दोन निराळे शब्द ठेवून शहाणपणा केला आहे.

याहून बारीक, पण जास्त वजनाचे शब्द म्हणजे 'शॅल' आणि 'मे'. कायद्यात अधिकारी 'अमुक करील' असे असेल, तर ते त्याचे कर्तव्य; 'करू शकेल' असे असेल, तर बहुधा त्याचा विवेक. बहुधा म्हणायचे कारण, संदर्भ पाहून न्यायालये 'शकेल' याचा अर्थ 'करावेच लागेल' असाही लावतात. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची असते, आणि अर्ज नाकारायचा तर कारण लेखी नोंदवायचे असते. येथे मेहेरबानीचा प्रश्न उरत नाही.

तसेच सारे सरकारी कागद एका माळेचे मणी नव्हेत. नोटीस बहुतेक वेळा आपले म्हणणे मांडायला बोलावते. समन्स हजर राहायला सांगते. वॉरंट पोलिसाला पकडण्याचा अधिकार देते. स्टे चालू कामाला थांबवतो, वादाचा शेवट करीत नाही. नोटिशीला वॉरंट समजून घाबरलेला माणूस मध्यस्थाला पैसे देऊन बसतो, आणि समन्साला साधी चिठ्ठी समजणाऱ्याच्या दारी पुढे खरोखरच वॉरंट येते.

तेव्हा कागद हाती आला, की चार गोष्टी विचाराव्या : हा कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली काढला आहे? काढणाऱ्याला तसा अधिकार आहे काय? उत्तराची मुदत किती? अपील कोणाकडे? आणि आपण स्वतः लिहून देताना 'परवानगी द्यावी' लिहायचे, की 'माझा हक्क आहे' असे लिहायचे, याचा निर्णय सही अथवा अंगठा उठण्यापूर्वी करावा.