पगारातली पेन्शन कुठे गेली?

हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेल्या मारुंजीच्या टॉवरांत राहणाऱ्या कुणालाही विचारा. ‘पीएफ कापला जातो म्हणजे पेन्शन मिळणारच’ असं उत्तर येईल. जरा थांबा. मालकाच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात खरे, पण 1 सप्टेंबर 2014 पासून त्यासाठी पगाराची मर्यादा 15,000 रुपये. म्हणजे महिन्याला फार तर 1,250. त्यानंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या आणि मूळ पगार याहून जास्त असलेल्यांना तर ही पेन्शन लागूच नाही! जुन्या सभासदांचं सूत्र सोपं: या मर्यादेतला पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पस्तीस वर्षं धरली तरी 7,500 रुपये. मारुंजीत तेवढ्यात भाडंही भागत नाही.

मग शोध सुरू होतो सल्लागाराचा. ‘फुकट’ सल्ला देणारा बहुधा वितरक असतो आणि त्याचं कमिशन तुमच्याच फंडातून वर्षानुवर्षं जातं. दहा लाख रुपये 25 वर्षं 10 टक्क्यांनी वाढले तर सुमारे 1 कोटी 8 लाख होतात. कमिशनपायी वर्षाला एक टक्का गेला आणि ते 9 टक्क्यांनीच वाढले, तर 86 लाख. सेबीकडे नोंदणी असलेला गुंतवणूक सल्लागार फी उघड मागतो, म्हणून तो महाग वाटतो. त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो.