पापणीवरील पिवळे चट्टे

पुष्कळांच्या पापण्यांवर, नाकाकडील कोपऱ्याशी, पिवळसर मऊ चट्टे दिसतात. वैद्यकशास्त्रात त्यांना 'झँथेलास्मा' म्हणतात. रक्तातील कोलेस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ पापणीच्या पातळ त्वचेतील पेशींत साठतो व हे चट्टे उठतात. ते दुखत नाहीत, खाजत नाहीत; म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

पाथर्डी तालुक्यातील आमच्या गावी माझ्या आईचे चट्टे पाहून कोणी कावीळ म्हटले, कोणी चुना लावायला सांगितले. काविळीत डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होतो, येथे तसे नसते. आणि चुना डोळ्यात गेल्यास दृष्टीच जाऊ शकते.

आनुवंशिकता, मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले कार्य ही यामागील काही कारणे होत. सुमारे निम्म्या रुग्णांचे कोलेस्टेरॉल प्रमाणातही असते. तरीही निर्धास्त राहू नये. कोपनहेगन शहरातील १२,७४५ लोकांच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉलचा परिणाम वगळूनही, असे चट्टे असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका अधिक आढळला.

चट्टे शस्त्रक्रियेने, लेसरने किंवा डॉक्टरांनी जपून लावलेल्या आम्लाने काढता येतात. पण ते पुन्हा येऊ शकतात. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी रक्त सुधारते, चट्टा बहुधा तसाच राहतो.

चट्टा काढण्याची घाई नाही. रक्तातील चरबी, साखर व रक्तदाब मात्र आधी तपासावा. मित्रहो, सुट्टीत घरी गेल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांच्या पापण्या एकदा निरखून पाहा.