छपराखाली जपलेले वैभव
सायप्रसच्या ट्रूडोस पर्वतातील चित्रमय चर्च आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा

सायप्रसच्या ट्रूडोस पर्वतातील एखाद्या गावाच्या टोकाशी रस्ता संपतो आणि समोर धान्याच्या कोठारासारखी एक बसकी दगडी इमारत दिसते. कौलारू छप्पर दोन्ही बाजूंनी जवळजवळ माणसाच्या उंचीपर्यंत उतरलेले, भिंतींना खिडक्या अगदी थोड्या आणि दार इतके ठेंगणे की वाकूनच आत शिरावे. दाराला बहुधा कुलूप असते. किल्ली कोणाकडे आहे, हे विचारायला गावच्या चौकातील कॉफीच्या दुकानापर्यंत जावे लागते. थोड्या वेळाने गावचे धर्मगुरू किंवा एखादे वयस्क गृहस्थ किल्ली घेऊन येतात, दार उघडते आणि डोळे अंधाराला सरावले की लक्षात येते, आतल्या भिंतीवर वीतभर जागाही कोरी नाही. संत, देवदूत, राजे, मेंढपाळ आणि सैतानही. सारे पाच-सात, क्वचित नऊशे वर्षांपूर्वीच्या रंगांत समोर उभे असतात.

भूमध्य समुद्रातील हे बेट पर्यटकांना माहीत आहे ते त्याच्या किनाऱ्यांसाठी. तथापि त्याचे खरे ऐश्वर्य किनाऱ्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर, डोंगराच्या कुशीत लपलेले आहे. ट्रूडोसमधील नऊ चित्रमय चर्चचा युनेस्कोने १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला; पालेखोरी गावातील दहाव्या चर्चची भर २००१ मध्ये पडली. अकराव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंतची बायझंटाइन चित्रकला एकाच पर्वतात, एवढ्या थोड्या अंतरात पाहावयास मिळावी, असे प्रदेश जगात फार नाहीत.

समुद्रातून वर आलेला पर्वत

ट्रूडोसचे सर्वांत उंच शिखर ऑलिंपस. ग्रीसमधील प्रसिद्ध ऑलिंपसशी त्याचे साम्य केवळ नावापुरते. त्याची उंची १,९५२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे तीनशे मीटर अधिक. हिवाळ्यात येथे बर्फ पडते आणि उतारांवर स्कीइंग चालते. ज्या बेटावर उन्हाळा म्हणजे नुसती होरपळ, तेथे हा पर्वत पाणी, सावली आणि गारवा देत आला आहे.

भूशास्त्रज्ञांसाठी ट्रूडोस हे जणू उघडे ठेवलेले पुस्तक आहे. हा पर्वत मुळात समुद्राचा तळ होता. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी तयार झालेले सागरी कवच भूखंडांच्या रेट्याने वर उचलले गेले. पुढे माथ्याची झीज अधिक झाल्याने सर्वांत खोलवरचा खडक आज सर्वांत उंचावर दिसतो, तर समुद्रतळाशी ओतलेल्या लाव्हाचे उशीसारखे गोळे पायथ्याशी सापडतात. याच खडकांत तांब्याची खनिजे होती. तांब्याचे लॅटिन नाव ‘कुप्रुम’ हे सायप्रसवरूनच पडले. ट्रूडोसला २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानाचाही दर्जा आहे. आमियांडोस येथील अ‍ॅस्बेस्टॉसची मोठी खाण १९८८ मध्ये बंद पडली. तिच्या उघड्याबोडक्या पायऱ्यांवर झाडे लावण्याचे काम अनेक वर्षे चालू असून तेथील जुन्या शाळेत भू-उद्यानाचे माहिती केंद्र उभे राहिले आहे.

डोंगरात एवढी चर्च कशी?

सोलेया, मराथासा आणि पिट्सिलिया या तीन भागांत ही चर्च विखुरलेली आहेत. त्यांतील सर्वांत जुनी बायझंटाइन साम्राज्याच्या काळातील. काकोपेट्रिया गावावरच्या खोऱ्यातील संत निकोलसचे चर्च अकराव्या शतकातले. निकितारी गावापलीकडील असिनू येथील चर्चमध्ये ११०५-०६ सालची चित्रे आहेत. त्या वेळी बेटावर कॉन्स्टँटिनोपलची सत्ता होती आणि तेथील उत्तम चित्रशैली या दुर्गम खोऱ्यांतही पोहोचत होती.

हे चित्र ११९१ मध्ये पालटले. धर्मयुद्धासाठी निघालेल्या इंग्लंडच्या रिचर्ड राजाने बेट जिंकले आणि पुढच्याच वर्षी ते फ्रेंच लुझिन्यान घराण्याच्या हाती गेले. १४८९ पासून व्हेनिसने आणि १५७१ पासून ऑटोमन तुर्कांनी राज्य केले. लुझिन्यान काळात राजाश्रय होता तो लॅटिन, म्हणजे रोमन चर्चला. पोपच्या १२६० च्या फर्मानाने स्थानिक ऑर्थोडॉक्स बिशपांची संख्या चारवर आली, त्यांना शहरे सोडून ग्रामीण भागात जावे लागले. निकोसियाच्या ऑर्थोडॉक्स बिशपांचे ठाणे तर थेट ट्रूडोसच्या सोलेया खोऱ्यात आले. शहरांत गॉथिक कमानींची भव्य कॅथीड्रल उभी राहत असताना, डोंगरातील ग्रीक भाषक शेतकरी आपल्या ऐपतीप्रमाणे छोटी प्रार्थनामंदिरे बांधीत आणि रंगवून घेत होते.

ही चर्च बांधणारे लोक कोण होते, हे भिंतीच सांगतात. पेडुलास येथील १४७४ च्या चर्चमध्ये देणगीदार धर्मगुरू बासिल आपल्या पत्नी व दोन मुलींसह चित्रित आहेत आणि हातातील चर्चची प्रतिकृती ते देवदूत मायकलला अर्पण करीत आहेत. मुटुल्लास येथे १२८० मध्ये चर्च बांधणारे इओआनिस आणि त्यांची पत्नी इरिनी शेजारी शेजारी उभे आहेत. सम्राटांची नावे इतिहासात राहतात. ट्रूडोसमध्ये गावकऱ्यांची राहिली आहेत. ऑर्थोडॉक्स परंपरेत धर्मगुरूला संसार असू शकतो, ही गोष्टही पेडुलासच्या त्या कुटुंबचित्रातून सहज कळून जाते.

दोन छपरांची युक्ती

एवढी जुनी चित्रे टिकली कशी, याचे उत्तर वर पाहिल्यावर मिळते. ही भित्तिचित्रे चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. ओल हा अशा चित्रांचा सर्वांत मोठा शत्रू होय. घुमटाच्या किंवा कमानदार छताच्या दगडी सांध्यांत बर्फाचे पाणी मुरले की गिलावा फुगतो आणि पापुद्र्यांसह रंग गळून पडतो. मैदानी भागात चालणारी घुमटाची रचना डोंगरातील हिमवर्षावापुढे अपुरी पडू लागली, तेव्हा स्थानिक कारागिरांनी घुमटावरच तीव्र उताराचे दुसरे लाकडी छप्पर चढविले. त्यावर आकडे असलेली सपाट कौले बसविली. बर्फ घसरून खाली पडावे आणि आतील घुमट कोरडा राहावा, ही त्यामागची साधी कल्पना. काकोपेट्रियाच्या संत निकोलसला यामुळेच ‘छपराचा निकोलस’ असे नाव पडले.

पुढे घुमट बांधण्याची गरजच उरली नाही. एकच लांबट खोली, दगडी भिंती आणि त्यावर लाकडी छप्पर, हा स्वतंत्र प्रकार रूढ झाला. त्याचा निश्चित सालाचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना नमुना म्हणजे मुटुल्लासचे चर्च. छप्पर भिंतींच्या पुष्कळ बाहेर काढून त्याखाली लाकडी जाळीची आडभिंत घालण्याची पद्धतही पडली. त्यामुळे चर्चभोवती एक झाकलेली ओसरी तयार होते आणि बाहेरची भिंतही पावसापासून वाचते.

आतील मांडणीलाही ठरलेला क्रम आहे. घुमट असेल तर त्यात विश्वाचा अधिपती ख्रिस्त, पूर्वेकडील अर्धवर्तुळाकार कोनाड्यात मेरी, भिंतींच्या वरच्या पट्ट्यांत ख्रिस्तचरित्रातील प्रसंग आणि खाली भाविकांच्या नजरेसमोर पूर्णाकृती संत. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला ही भिंत म्हणजेच ग्रंथ होता.

सात किलोमीटर, तीनशे वर्षे

ही चर्च मोटारीने दोन दिवसांत ‘उरकता’ येतात. मात्र ज्याला ती समजून घ्यावयाची आहेत, त्याने निदान एक टप्पा पायी चालावा. त्यासाठी उत्तम वाट पिट्सिलिया भागात आहे. लागुडेरा गावचे ‘पानायिया तू आराका’ म्हणजे मेरीचे चर्च आणि प्लाटानिस्तासा गावाबाहेरचे ‘स्तावरोस तू आयियास्माती’ म्हणजे पवित्र क्रुसाचे चर्च, यांना सुमारे सात किलोमीटरची पायवाट जोडते. दगडी बांधांच्या जुन्या शेतांतून, द्राक्षमळ्यांच्या कडेने आणि पाइनच्या जंगलातून ती जाते. चढउतारांमुळे तीन ते चार तास सहज लागतात. वाटेत ‘सोनेरी ओक’ हे केवळ सायप्रसमध्ये आढळणारे झाड भेटते. त्याच्या पानाची खालची बाजू सोनेरी-तपकिरी असते, वाऱ्याने पाने उलटली की सारे झाड चमकते.

लागुडेराची चित्रे डिसेंबर ११९२ मधील. बेटावरील बायझंटाइन सत्ता वर्षभरापूर्वीच संपली होती, तरी या चित्रांतील नाजूक, वळणदार रेषा अस्सल कॉन्स्टँटिनोपलच्या वळणाची आहे. मेरीच्या हातात बाळ आहे आणि दोन्ही बाजूंचे देवदूत त्याच्या भावी यातनांची साधने घेऊन उभे आहेत. आईच्या चेहऱ्यावर ती जाणीव दिसते. वाट संपते तेथील आयियास्मातीची चित्रे फिलिप्पोस गूल या चित्रकाराने १४९४ मध्ये रंगविली. खरा क्रूस कसा सापडला, ही कथा तेथे चित्रमालिकेत आहे आणि रंगरेषांत पाश्चात्त्य छटा डोकावू लागल्या आहेत. सात किलोमीटर चालून वाटसरू तीनशे वर्षे पुढे आलेला असतो. आणखी पुढचा टप्पा पाहावयाचा, तर गलाटा येथील १५०२ चे पोदिथू चर्च गाठावे. तेथील क्रूसारोहणाच्या गर्दीभरल्या चित्रावर इटलीची छाप स्पष्ट आहे.

ज्यांना निव्वळ निसर्गवाटा हव्यात, त्यांच्यासाठी ऑलिंपसभोवती फिरणारी सात किलोमीटरची आर्टेमिस वाट सोपी आहे. काळ्या पाइनच्या जुन्या, वाऱ्याने वाकलेल्या वृक्षांतून ती जवळजवळ एकाच पातळीवर जाते. कॅलेडोनिया धबधब्याकडे उतरणारी तीन किलोमीटरची वाट ओढ्याच्या काठाकाठाने जाते आणि तो वारंवार ओलांडते. तिचा आरंभ सायप्रसच्या अध्यक्षांच्या उन्हाळी निवासस्थानाजवळ होतो. मूळचा ब्रिटिश अधिकाऱ्यासाठी बांधलेला हा बंगला १८८० मध्ये उभा राहत असताना, फ्रेंच कवी आर्थर रँबो याने तेथे बांधकामावर देखरेखीची नोकरी केली होती.

कुलूप आणि किल्ली

या वारशापुढील प्रश्न मात्र चित्रांपुरता नाही. अनेक चर्चची देखभाल अजूनही गावाकडेच असते. कौल सरकले, गळती लागली, दार निखळले, तर ते प्रथम दिसते ते किल्ली सांभाळणाऱ्या माणसाला. गेल्या अर्धशतकात डोंगरातील तरुण शिक्षणासाठी व नोकरीसाठी निकोसिया आणि लिमासोलकडे गेले. कित्येक गावांत मागे उरले ते वृद्ध. असिनू आणि लागुडेरा येथील चित्रांची तज्ज्ञांकडून स्वच्छता व दुरुस्ती पूर्वीच झाली असून पुरातत्त्व खातेही लक्ष ठेवून असते. तथापि रोजची नजर तज्ज्ञ देऊ शकत नाहीत.

नजर हटली की काय होते, याचा धडा याच बेटाने घेतला आहे. सायप्रसची १९७४ मध्ये फाळणी झाली आणि उत्तरेतील अनेक चर्च माणसांविना ओस पडली. लिथ्रांगोमी गावच्या कानाकारिया चर्चमधील सहाव्या शतकातील मोझेक भिंतीवरून खरवडून काढून परदेशात विकण्यात आले. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या न्यायालयाने १९८९ मध्ये निकाल दिल्यानंतर ते परत मिळाले. लिसी येथील छोट्या चर्चमधील भित्तिचित्रे तुकड्या-तुकड्यांनी बाहेर गेली होती. ती अमेरिकेतील एका कलासंस्थेने सायप्रसच्या चर्चच्या वतीने सोडवून जोडली, ह्यूस्टनमध्ये जतन केली आणि २०१२ मध्ये परत पाठविली. चित्रे मायदेशी आली, पण ज्या भिंतीसाठी ती काढली होती तेथे परतली नाहीत.

ट्रूडोसमध्ये धोका वेगळा आहे. तो आगीचा. सोलेया भागात जून २०१६ मध्ये लागलेल्या वणव्यात दोन अग्निशमन कर्मचाऱ्यांचा बळी गेला. जुलै २०२१ मध्ये पर्वताच्या दक्षिण उतारावर आराकापास परिसरात पेटलेल्या आगीत चार शेतमजूर मृत्युमुखी पडले. ओसाड शेतांत गवत व झुडपे माजली की आग गावापर्यंत यायला वाट मिळते. बर्फापासून चित्रांना वाचविणारे लाकडी छप्पर ठिणगीपुढे मात्र असहाय असते. म्हणून बांधावरची शेती कसणारा माणूस हाही या चित्रांचा एक राखणदारच ठरतो.

या दृष्टीने डोंगरातील पर्यटनाकडे पाहावयास हवे. कालोपानायोटिस गावात तीन चर्च एकाच विशाल छपराखाली सामावलेले संत इओआनिस लांपादिस्तिसचे मठसंकुल आहे. त्या गावातील जुनी दगडी घरे दुरुस्त करून तेथे पाहुण्यांची सोय करण्यात आली आणि गावात पुन्हा राबता सुरू झाला. सकाळी येऊन सायंकाळी किनाऱ्यावर परतणाऱ्या बसपेक्षा, गावात एक रात्र मुक्काम करणारा, तेथेच जेवणारा आणि गावचा द्राक्षरस किंवा मध विकत घेणारा पाहुणा अधिक उपयोगाचा.

जाणाऱ्यांसाठी एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे महिने उत्तम. भर उन्हाळ्यात वणव्याचा धोका आणि ऊन दोन्ही असते. ब्रिटिश अमलामुळे येथे वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे मोटार चालविणे भारतीयांना अवघड जात नाही. वळणाच्या घाटरस्त्यांवर मात्र वेग आवरावा. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावेत. आत छायाचित्रे घेण्यास सहसा मनाई असते आणि भिंतींना हात लावणे तर सर्वस्वी टाळावे. दुपारची वेळ विश्रांतीची असल्याने किल्लीची चौकशी सकाळीच केलेली बरी.

किल्ली उघडून देणाऱ्या माणसाला घाई नसते. पाहुण्याचे पाहणे होईपर्यंत तो दाराशी उभा राहतो, मग कुलूप लावून, एकदा ओढून पाहून, गावाकडे वळतो. ट्रूडोसचा वारसा आजवर टिकला तो छपरामुळे, हे खरेच. पण त्या छपराची कौले दर पिढीत कोणीतरी बदलली आहेत. ते काम पुढच्या पिढीत कोण करणार, हा या डोंगरासमोरचा आजचा प्रश्न आहे.